दुसऱ्याने बनवलेलं पेन आणि आपलं लेझर काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं लेझर मार्किंगचं छोटं वर्कशॉप आहे. रोजचं काम म्हणजे फौंड्रीतून आलेल्या पार्टवर नंबर टाकणे, नेमप्लेट, वर्धापनदिनाच्या ढाली, असलंच. पण आता हाताने लेथवर बनवलेली लाकडाची, रेझिनची पेनं लय यायला लागलीत आणि त्याबरोबर प्रश्न पण यायला लागलेत. पेनं आम्ही बनवत नाही, ती बनवणारे वेगळे लोक आहेत, कुणी पेठेत घरातल्या खोलीत लेथ लावलाय, कुणी गडहिंग्लजकडून पाठवतंय, कुणी पार दुसऱ्या राज्यातून. आम्ही त्यावर फक्त नाव, ओळ, चित्र कोरतो. मग या पेनाचा फोटो लावताना काय लिहायचं, कुणाला विचारायचं, नाव कुणाचं आधी, यावर रोज कुणीतरी फोन करतंय म्हणून सगळं इथं एकदाच लिहून ठेवलंय. पेन बनवणाऱ्यांनी वाचा, आमच्यासारख्या लेझरवाल्यांनी तर जरूर वाचा, आणि गिऱ्हाइकांनी पण वाचलं तर बरंच.

पेन दुसऱ्याने बनवलंय आणि मला माझं कोरीवकाम दाखवायचंय, चालतंय का?

चालतंय की. लेझरवाल्याकडे स्वतःचा लेथ असायलाच पाहिजे असं कुठं आहे? पण तीन गोष्टी झाल्या पाहिजेत आणि त्या फोटो टाकायच्या आधी झाल्या पाहिजेत: बनवणाऱ्याला विचारलेलं असावं, त्याचं नाव तुमच्या नावाइतकंच ठळक असावं, आणि बघणाऱ्याला एका नजरेत कळावं की पेन कुणाचं आणि अक्षरं कुणाची. यातली एक जरी राहिली तरी ते पेन आमच्या मते सॅम्पल म्हणून वापरू नये. थोडं कडक वाटेल, पण एक पेन लेथवर उतरवायला, पॉलिश करायला, झाकण नीट बसवायला किती वेळ जातोय हे ज्याने बघितलंय त्याला हे कडक वाटणार नाही.

पण मी पैसे देऊन विकत घेतलंय, आता ते माझंच ना? विचारायचं कशाला?

वस्तू तुमची झाली हे खरंय. त्यावर तुम्ही तुमचं नाव कोरा, बायकोचं कोरा, कुणी अडवणार नाही. पण वस्तू विकत घेतली म्हणजे ती बनवल्याचं श्रेय विकत घेतलं असं होत नाही, आणि धंद्याच्या जाहिरातीत वापरताना नेमका हाच घोटाळा होतोय. तुमच्या पेजवर चकाचक पेन दिसलं की दहातले नऊ लोक समजणार हे पेन पण तुम्हीच बनवलंय, आणि तुम्ही काही बोलला नाही तर तो समज तसाच राहणार. मग ऑर्डर तुमच्याकडे, आणि बनवणारा तिकडं बसलाय त्याला पत्ता पण नाही.

आपल्याकडे भांड्याच्या दुकानात लग्नाच्या भांड्यावर नाव घालून देणारा माणूस बसलेला असतो ना, टकटक टकटक करत सुंदर अक्षर काढतो, पण तांब्याचा हंडा मी घडवला असं तो कधी म्हणत नाही, आणि गिऱ्हाइकाला पण दोन्ही कामं वेगळी आहेत हे माहीत असतंय. पेनाच्या बाबतीत ही समज अजून लोकांना नाही कारण धंदा नवीन आहे, म्हणून आपण ती तोंडाने सांगायला लागतेय.

कायद्याने काय आहे? कुणी केस करू शकतंय का?

आम्ही वकील नाही, पण ढोबळ माहिती असावी म्हणून लिहितो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 57 आहे, त्यात निर्मात्याला दोन हक्क दिलेत: हे काम माझं आहे असं म्हणायचा, आणि आपली बदनामी होईल अशी त्या कामाची मोडतोड किंवा बदल झाला तर हरकत घ्यायचा. बाकीचे हक्क विकून टाकले तरी हे दोन निर्मात्याकडेच राहतात. यावर गाजलेला निकाल म्हणजे शिल्पकार अमरनाथ सहगल यांचा. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं त्यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प सरकारने काढून गोदामात टाकलं, त्याची वाट लागली, आणि 2005 साली दिल्ली हायकोर्टाने शिल्प त्यांना परत द्यायला आणि 5 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. शिल्पाचे पैसे सरकारने आधीच दिलेले होते तरीसुद्धा.

आता प्रत्येक साधं पेन या कायद्याने कलाकृती ठरेलच असं नाही, ते त्या त्या पेनावर आहे. ज्यावर हाताने चित्र रंगवलंय, जडावाचं काम केलंय अशा पेनाची बाजू भक्कम, साध्या गोल दांडीची तेवढी नाही. खरोखर वाद झालाच तर वकिलाकडे जा. पण कोल्हापुरात पेन बनवणारे आणि लेझरवाले मिळून एकमेकांना ओळखणारी मंडळी, इथं कोर्टाच्या आधी माणसाचं नाव खराब होतंय.

बनवणाऱ्याला विचारायचं म्हणजे नेमकं काय विचारायचं?

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज पुरतोय, फक्त तो गोलगोल नको. "दादा तुमचं पेन वापरू का" एवढ्यावर समोरचा हो म्हणतो आणि मग नंतर त्याला कळतंय की पेनाच्या अंगावर कुणा बँकेचा भला मोठा लोगो छापलाय. आम्ही असा मेसेज करतो, पाहिजे तर उचला:

"नमस्कार दादा, तुमचं फणसाच्या लाकडाचं पेन मी घेतलंय. त्याच्या झाकणावर मोडी लिपीत एक ओळ कोरणार आहे, साधारण 25 मिलिमीटर लांब. फोटो आमच्या पेजवर आणि दुकानातल्या शोकेसमध्ये लावणार. तुमचं नाव पहिल्या ओळीत असेल. कोरायच्या आधी डिझाइन पाठवतो, नको असेल तर मोकळेपणाने सांगा."

यात काय, कुठं, किती मोठं आणि कुठं दाखवणार एवढं आलं. उत्तर नाही आलं तर त्याला होकार धरू नका, थांबा, आठवड्याने परत विचारा. नको म्हणाला तर तो विषय तिथं संपला, त्याने कारण दिलंच पाहिजे असं पण नाही. काही कारागिरांना आपल्या लाकडाच्या रेषांवर काहीही लिहिलेलं सहन होत नाही आणि आम्हाला ते पटतंय, चांगल्या शिसवीच्या तुकड्यात रेषा अशा काही वळलेल्या असतात की त्यावर अक्षर घालणं म्हणजे ते झाकणंच.

नाव कसं लिहायचं? टॅग केलं की झालं ना?

टॅग केलं की झालं असं नाही. टॅग फोटोच्या कोपऱ्यात दडलेला असतो, स्क्रीनशॉट फिरला की गायब, आणि पोस्टच्या तळाशी वीस हॅशटॅगमध्ये एक नाव टाकलं तर ते कोण वाचणार? पहिल्या ओळीत सरळ लिहा: "पेन: अमुक अमुक, गडहिंग्लज. लेझर कोरीवकाम: आम्ही." दोन्ही एकाच आकारात. फोटोवर तुमचा वॉटरमार्क टाकत असाल तर त्याचं पण नाव त्यात टाका, नाहीतर दोघांचंही नको. रीलमध्ये बोलत असाल तर तोंडाने पण सांगा कारण खालचं कोण वाचत नाही.

2025 च्या जूनमध्ये, मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने आपल्या चपलेसारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नावच घेतलं नाही, तेव्हा आख्खं कोल्हापूर पेटलं होतं, आठवतंय ना. कोल्हापुरी चपलेला 2019 पासून जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, आणि गदारोळ झाल्यावर मग त्यांनी ही प्रेरणा भारतीय कारागिरांकडून आली हे मान्य केलं. तेव्हा आपण सगळ्यांनी जे म्हटलं तेच शिरोळच्या पेनवाल्याला आपल्याबद्दल म्हणता येऊ नये एवढं तर आपल्या हातात आहे.

बनवणाऱ्याच्या पेजवरचा फोटो घेऊन त्यावर कॉम्प्युटरवर नाव बसवून दाखवलं तर? पेन विकत घ्यायला पण लागणार नाही.

हे करू नका. यात दोन-दोन घोळ आहेत. एक, तो फोटो ज्याने काढला त्याचा कॉपीराइट आहे, पेन कुणाचं का असेना. आणि दुसरं, जे कोरीवकाम तुम्ही केलंच नाही ते केलंय असं तुम्ही गिऱ्हाइकाला दाखवताय. कॉम्प्युटरवर अक्षर कायम काळंभोर आणि सुरेख दिसतंय, खऱ्या लाकडावर ते तांबूस येईल, काळ्या एबोनाइटवर, म्हणजे कडक रबरावर, करडं येईल, आणि मग गिऱ्हाईक म्हणणार फोटोत तर वेगळं होतं. मॉकअप दाखवायचाच असेल तर स्वतः काढलेल्या फोटोवर करा, वर "नमुना चित्र" असं मोठ्या अक्षरात लिहा, आणि ज्याची ऑर्डर आहे त्या एका गिऱ्हाइकालाच पाठवा.

पेन फुकट सॅम्पल म्हणून मागितलं तर चालतंय का? त्याची पण जाहिरात होतेय की.

आम्ही मागत नाही, पूर्ण किमतीला घेतो. त्याच्या जाहिरातीचा फायदा होईल न होईल, त्याचं लाकूड, निब, मजुरी तर आजच गेलीय. काही जण आपणहून देतात, तेव्हा आम्ही कोरून एक परत त्याला देतो आणि एक आमच्याकडे ठेवतो, म्हणजे त्याच्या टेबलावर पण आमचं काम राहतंय.

सेकंडचा माल, म्हणजे चीर गेलेलं, फिनिश कमीजास्त झालेलं पेन स्वस्तात मिळतंय आणि प्रॅक्टिसला ते उत्तमच. पण शोकेसमध्ये ते त्याच्या नावाने ठेवायचं असेल तर त्याला विचारून. त्याने जे पेन स्वतः विकायला लाज वाटली म्हणून बाजूला ठेवलं तेच तुम्ही त्याचं नाव लावून लोकांना दाखवलं तर हे श्रेय देणं झालं का? आमच्याकडे असल्या तुकड्यांचा वेगळा डबा आहे, त्यातल्या एकावरही कुणाचं नाव नाही आणि एकाचाही फोटो बाहेर जात नाही.

पेन बनवणाऱ्याने लेझरवाल्याला आधी काय सांगायला पाहिजे?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण इथं चुकलं तर नुसतं पेन जात नाही, माणूस आणि मशीन पण धोक्यात येतंय. कशाचं बनवलंय ते सांगा, आणि "प्लास्टिक" एवढं सांगून भागत नाही.

पीव्हीसी असेल तर अजिबात नाही. लेझर लागला की त्यातून हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो, फुप्फुसाला घातक, आणि मशीनच्या आतलं लोखंड, लेन्स, सगळं गंजवतो. जुनं सेल्युलॉइड असेल तर त्याहून मोठा नकार, ते नायट्रोसेल्युलोज आहे आणि भप्पकन पेट घेतंय. आजोबांचं पेन म्हणून जे घेऊन येतात त्यात हे निघू शकतंय, बोटाने जोरात घासून वास घ्या, कापराचा वास आला तर ते तसंच जपून ठेवा, त्याला लेझर लावू नका. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, आपल्या देशात हाताने बनणाऱ्या फाउंटन पेनांमध्ये हे लय चालतंय. त्यावर कोरता येतंय पण कॉन्ट्रास्ट कमी मिळतो आणि गंधकाचा उग्र वास सुटतो. या धुराने चांदी काळी पडते, म्हणून हुपरीहून चांदीची क्लिप किंवा रिंग करून बसवली असेल तर ती आधी काढून ठेवा. अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिएस्टर रेझिनवर काम छान होतंय, बारीक खोदून त्यात रंग भरला की अक्षर उठून दिसतं. लाकडात आंबा, फणस असली फिकट लाकडं भारी, जळकट तपकिरी अक्षर ठसठशीत येतं. काळपट शिसवीवर तेच अक्षर निम्मं हरवतंय.

मशीन पण एक नसतंय. लाकूड, अ‍ॅक्रिलिकला सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूचा) लेझर, त्याची तरंगलांबी 10.6 मायक्रोमीटर. पितळ, स्टीलला फायबर लेझर, 1064 नॅनोमीटर. स्वस्तातले निळे डायोड लेझर साधारण 450 नॅनोमीटरचे, ते पारदर्शक रेझिनमधून आरपार जातात आणि आतल्या पितळी नळीवर पडतात, वर काहीच उमटत नाही. म्हणून पेनाच्या आत नळी आहे का, रेझिन पारदर्शक आहे का हे पण सांगा.

आणि फिनिश. सुपरग्ल्यूवाल्या चकचकीत फिनिशवर, म्हणजे सीए फिनिशवर लेझर चालवला की डोळे चुरचुरणारा धूर येतोय आणि अक्षराच्या कडेने पांढरट होऊ शकतंय. शक्य असेल तर बनवणाऱ्याने घासून गुळगुळीत केलेली पण फिनिश न दिलेली दांडी पाठवावी, आम्ही कोरून परत देऊ, मग त्याने वरून फिनिश मारावा. असं केलं की अक्षर फिनिशच्या खाली जातंय, बोटाला लागत नाही, वर्षानुवर्षं टिकतंय. दोघांनी मिळून केलेलं काम कसं असतं ते असल्या पेनात दिसतंय आणि आम्हाला सगळ्यात आवडणारी पद्धत हीच.

टेस्टसाठी काय पाठवायचं?

त्याच लाकडाचा, त्याच रेझिनचा कापून उरलेला तुकडा. अंगठ्याएवढा पुरतोय. त्यावर पॉवर आणि स्पीडचे चौकोन मारून बघतो आणि मगच पेनाला हात लावतो. तुकडा नसेल तर आम्ही पेन घेत नाही असं नाही, पण मग जबाबदारी कुणाची हे आधी लिहून घेतो.

कोरताना पेन खराब झालं तर?

आमच्या हातून झालं तर पेनाची पूर्ण किंमत आम्ही बनवणाऱ्याला देतो, आणि गिऱ्हाइकाला नवीन पेन त्याच्याकडूनच. मटेरियल चुकीचं सांगितल्यामुळे झालं तर जबाबदारी ज्याने सांगितलं त्याची. खराब झालेल्या पेनाचा फोटो कुणीही कुठंही टाकायचा नाही, आम्ही पण नाही. आणि हो, बनवणाऱ्याला कळवायचं, लपवायचं नाही, कारण गिऱ्हाईक उद्या त्यालाच जाऊन विचारणार तुमचं लाकूड असं कसं तडकलं.

एवढ्याशा गोल पेनावर मराठी अक्षर नीट येतंय का?

येतंय, पण इंग्रजीपेक्षा जास्त काळजी लागते. 12 मिलिमीटर जाडीचं पेन धरा. त्यावर मधोमध 4 मिलिमीटर उंचीची ओळ टाकली तर गोलाईमुळे ओळीची वरची-खालची कड मधल्यापेक्षा सुमारे 0.34 मिलिमीटर खाली जाते, एवढं लेझरचा फोकस सांभाळून घेतो. तीच ओळ 6 मिलिमीटर केली की कड 0.8 मिलिमीटर खाली, मग वेलांटी आणि उकार फिकट यायला लागतात. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर मात्रा, खाली उकार, म्हणजे सगळी गंमत कडेलाच, आणि तीच पुसट झाली तर "कूल" चं "कल" होतंय. म्हणून मोठं अक्षर हवं असेल तर रोटरी लावून पेन फिरवत कोरायला लागतंय.

टाइप केलेला मजकूर लेझरच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट टाकला तर जोडाक्षरं फुटतात बऱ्याचदा, त्यामुळे आधी इंकस्केपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून पाथ, म्हणजे अक्षरांची रेषाचित्रं, करून घ्यायचं. फॉन्ट पण कुणीतरी बनवलेला असतोय हे विसरू नका! मुंबईच्या एक टाइपचा मुक्त किंवा बलू घ्या, मोकळ्या परवान्यात मिळतात, धंद्यात वापरले तरी चालतात. मोडीला 2014 पासून युनिकोडमध्ये जागा आहे, त्यामुळे फॉन्ट मिळतात, पण मोडी वाचणाऱ्या माणसाकडून एकदा तपासून घेतल्याशिवाय आम्ही कोरत नाही. राजमुद्रेचा श्लोक तर लय लोक सांगतात, त्यात "प्रतिपच्चंद्रलेखेव" मधला एक च जरी राहिला तरी तो कायमचा राहतोय, म्हणून गिऱ्हाइकाने स्वतः वाचून "बरोबर आहे" असं लिहून दिल्यावरच मशीन चालू.

पेनावर बनवणाऱ्याची छोटी खूण आहे, ती काढून तिथं नाव टाकता येईल का?

नाही. गिऱ्हाइकाने जादा पैसे दिले तरी नाही. ती खूण म्हणजे त्याची सही आहे. तिच्यावरून जायचं नाही, तिला चिकटून पण काही लिहायचं नाही, निदान एक बोट जागा सोडायची. आमचा स्वतःचा लोगो आम्ही पेनावर कधीच कोरत नाही, बनवणाऱ्यानेच सांगितलं तर आतल्या बाजूला बारीक टाकू.

गिऱ्हाईक कुठलंतरी पेन घेऊन येतंय, कुणी बनवलं माहीत नाही. त्याचा फोटो टाकू का?

आधी गिऱ्हाइकाला विचारा कुठून घेतलं, निम्म्या वेळा पत्ता लागतोय. भेट म्हणून मिळालेलं असेल, बाहेरगावाहून आणलेलं असेल आणि खरंच कळत नसेल तर फक्त अक्षराचा जवळून फोटो काढा आणि लिहा की पेन गिऱ्हाइकाचं आहे, बनवणारा माहीत नाही, कुणाला ओळखू आलं तर सांगा. कमेंटमध्ये कुणीतरी सांगतंय पण, आणि मग लगेच नाव टाकायचं. पण असलं पेन आपल्या कामाचा मुख्य नमुना म्हणून दुकानात लावू नका.

कंपनीचं ब्रँडेड पेन असेल तर गिऱ्हाइकासाठी नाव कोरून द्या, रोजचंच आहे ते. पण त्याच कंपनीची पेनं घेऊन, कोरून, विकायला काढायची असतील तर जरा जपून. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यात कलम 30 मध्ये आहे की माल बाजारात आल्यावर त्याची अवस्था बदलली असेल तर ब्रँडवाला पुढच्या विक्रीला हरकत घेऊ शकतो. आणि "अधिकृत" हा शब्द तर चुकूनही वापरू नका.

गिऱ्हाईक म्हणतंय साहेब झालोय, अशोकस्तंभ टाका पेनावर. टाकायचा का?

मुलगा परीक्षा पास झाला की हे पहिलं मागणं येतंय, आनंद समजतोय आम्हाला. पण राजमुद्रेच्या, म्हणजे सिंहाच्या त्या चिन्हाच्या वापरावर 2005 चा वेगळा कायदा आहे, खाजगी पेनावर ते टाकता येत नाही. नाव, पद, तारीख टाकून देतो, सुंदर दिसतंय.

कवितेच्या ओळी पण लोक आणतात. तुकोबांचा अभंग, ज्ञानेश्वरी बिनधास्त. आधुनिक कवीची ओळ असेल तर कवी गेल्यावर पुढं 60 वर्षं हक्क वारसांकडे असतो. स्वतःच्या एका पेनावर आवडती ओळ कोरून घेणं ही वेगळी गोष्ट, पण तीच ओळ कोरून शंभर पेनं विकायची असतील तर परवानगी आणा आणि कवीचं नाव टाका.

प्रदर्शनात स्टॉल लावताना काय करायचं?

दसरा चौकात शाहू स्मारकला प्रदर्शनं भरतात तिथं आम्ही दुसऱ्यांचे स्टॉल बघून बघून एक पद्धत धरलीय. प्रत्येक पेनापुढं पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचं कार्ड: पेन कुणी बनवलं, गाव, लाकूड किंवा मटेरियल, आणि खाली कोरीवकाम कुणाचं. बनवणाऱ्याची व्हिजिटिंग कार्डं आपल्या कार्डांच्या शेजारीच ठेवा. कुणी विचारलं "हे पेन कितीला", तर त्याच्याकडच्या किमतीपेक्षा कमी सांगू नका. आमच्याकडे तर पेनाचे पैसे वेगळे आणि कोरायचे वेगळे असेच सांगतो, एकत्र आकडा सांगितला की गिऱ्हाइकाला वाटतं सगळं एकाच घरातलं.

बनवणाऱ्यालाच एक दिवस स्टॉलवर बोलवा ना! त्याच्याइतकं त्या लाकडाबद्दल आपल्याला बोलता येत नाही. माणसं लाकूड हातात धरून वास घेतात, विचारतात हे कुठल्या झाडाचं, वाड्याच्या जुन्या तुळईचं आहे असं तो सांगायला लागला की गर्दी हलत नाही, आणि मग तीच माणसं आपल्याकडे वळतात की यावर माझ्या आईचं नाव टाकून द्या.

स्पर्धेत किंवा मासिकाला पाठवायचं असेल तर?

दोघांच्या नावाने, दोघांच्या होकाराने. फॉर्ममध्ये एकच नाव टाकायची जागा असेल तर आयोजकांना फोन करून विचारा. बक्षीस आलं तर कसं वाटायचं हे पाठवायच्या आधीच ठरवा.

फोटो नीट येत नाही, अक्षर दिसतच नाही. काय करू?

उजेड समोरून नको, बाजूने तिरका घ्या, म्हणजे खोदलेल्या जागेत सावली पडते आणि खोली कळते. चकचकीत रेझिनवर ट्यूबलाइट दिसत असेल तर मध्ये बटर पेपर धरा. एक फोटो अक्षराचा जवळून आणि एक पूर्ण पेनाचा, झाकण काढून निबसकट. हा दुसरा फोटो लोक विसरतात आणि बनवणाऱ्याचं सगळं काम त्यातच दिसत असतंय. दोन्ही फोटो मूळ साइझमध्ये त्याला पाठवा, त्याला त्याच्या पेजवर लावू द्या, तिथं तो तुमचं नाव टाकेल. रंग वाढवणारे फिल्टर लावू नका, आंब्याचं लाकूड सागवानासारखं दिसायला लागतंय आणि मग त्यालाच शंभर जण विचारतात.

बनवणारा आधी हो म्हणाला होता, आता फोटो काढून टाका म्हणतोय.

काढून टाका. कारण विचारा, पण आधी काढा मग विचारा. विकत घेतलेलं पेन तुमच्याकडेच राहील, ते खिशाला लावून फिरा, ऑर्डरीसाठी मात्र दुसरं पेन बघा. फोटो छापील कॅटलॉगमध्ये गेला असेल तर त्याला ते खरं सांगा आणि पुढच्या छपाईत काढतो म्हणून तारीख द्या.

तुमच्याकडे पेन पाठवायचं असेल तर कसं पाठवू?

शाई पूर्ण काढून, धुऊन, वाळवून. निब आणि क्लिप निघत असेल तर काढून घरीच ठेवा, फक्त दांडी आणि झाकण पाठवा. सोबत तुकडा, मटेरियल आणि फिनिशची चिठ्ठी, आणि बनवणाऱ्याचं नाव-नंबर. गिऱ्हाईक असाल आणि पेन दुसऱ्याकडून घेतलं असेल तर त्याला आमच्याकडे पाठवतोय म्हणून एक मेसेज टाका, तो त्याच्या फिनिशबद्दल काही सांगेल ते आम्हाला कळवा. शनिवारच्या आत आलं तर पुढच्या आठवड्यात टेस्ट तुकड्याचा फोटो येईल, तो बघून हो म्हणालात की मग पेन मशीनवर चढतंय.